सहाच्या खेळाआधीचं लग्न

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात शहरात पाणी कुठं आहे, हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. सरकारी दवाखान्यात टँकर यायचा. एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात पाणी होतं, पण दारावर पाटी होती: ‘चहा घेणाऱ्यासच पाणी मिळेल.’ आणि टॉकीजच्या मागची विहीर आटली नव्हती. बाकीच्या विहिरींत तळाचा दगड दिसत होता.

मी तेव्हा शहरातल्या खरेदी-विक्री संघात कारकून होतो. संघ म्हणजे शेतकऱ्यांची सहकारी संस्था. एरवी तिच्या गोदामात ज्वारी आणि करडईची पोती असायची. त्या वर्षी तिथं सरकारनं पाठवलेली तांबडी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी होती आणि ती घ्यायला रांग होती. आमचं घर बेंबळीच्या बाजूच्या एका खेड्यात. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायचे. आई आणि धाकटी बहीण त्याच कामावर पाट्या वाहायच्या.

बहिणीची सोयरीक आदल्या वर्षी जुळली होती. मुलगा जळकोटचा, टेलिफोन खात्यात नोकरीला. त्याची नेमणूक लांब विदर्भात झाली होती आणि त्याला रजा मिळाली ती त्या उन्हाळ्यातली. लग्न पाण्यासाठी एकदा पुढं ढकललं गेलं होतं. पुन्हा ढकललं तर तिकडच्या मंडळींचं मन फिरेल, अशी वडिलांना धास्ती होती. ते तसं बोलले नाहीत. त्यांनी फक्त बहिणीला कामावर नेणं बंद केलं, उन्हानं काळी पडेल म्हणून.

मुलाकडून निरोप आला: जेवण साधं चालेल, पण पाणी लागेल. आमच्या गावात टँकर एक दिवसाआड यायचा आणि त्यावर भांडणं व्हायची. वऱ्हाडाला गावात बोलावणं शक्य नव्हतं. वडील शहरात आले.

आम्ही आधी मंगल कार्यालयात गेलो. तिथल्या व्यवस्थापकांनी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग पाणी नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मला त्याच कार्यालयासमोर बँड वाजताना दिसला. वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आलं आसंल रात्रीतून पाणी.”

संघाच्या व्यवस्थापकांनी टॉकीजचं सुचवलं. उन्हाळ्यात दुपारचे खेळ बंद असत. पत्र्याखाली कुणी बसत नसे. सहाचा आणि नऊचा, असे दोनच खेळ चालायचे. म्हणजे दिवसभर हॉल रिकामा, आणि मागं विहीर.

टॉकीजचे मालक तिकीटखिडकीच्या आत बसून पान लावत होते. वडिलांनी काम सांगितलं.

“माणूस किती?”

“दोनशेपत्तूर जाईल.”

“बसायला जागा भरपूर आहे. पण वर पत्रा आहे. चारच्या सुमाराला भट्टी असते. चालेल?”

“खडीपरास बरं,” वडील म्हणाले.

मालक हसले. भाड्याचा विषय वडिलांनी काढला, तर त्यांनी हात हलवला. “खेळच नाही तर भाडं कशाचं? एकच आहे. सहाच्या खेळाच्या आत हॉल मोकळा पाहिजे. थर्डवाल्याला उशीर खपत नाही. पत्र्यावर दगड मारतो.”

त्यांनी गाव विचारलं नाही आणि आडनावही विचारलं नाही. टॉकीज सुरू झाल्यापासून तिथं कुणी कुठं बसायचं हे तिकिटावरून ठरत आलं होतं. शहरात असं म्हणता येईल अशा जागा तेव्हा फार नव्हत्या. एस.टी.ची गाडी ही एक.

पत्रिका छापायला छापखान्यात गेलो. खिळे जुळवणाऱ्यानं विचारलं, “स्थळ?”

“टॉकीज.”

“टॉकीजच्या शेजारी का समोर?”

“टॉकीजमधेच.”

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. “आन् वेळ?”

“दुपारी चार. सहाच्या खेळाआधी.”

“तेबी टाकू?”

“टाका,” वडील म्हणाले. “लोक येळंवर येतील.”

पत्रिकेत ते कंसात छापून आलं. गावात आमच्या एका म्हाताऱ्या आत्यानं पत्रिका वाचून घेतली आणि विचारलं, “पिच्चर कंचा हाय?”

लग्नाच्या दिवशी स्वयंपाकाची मोठी पातेली संघाची होती. वार्षिक सभेच्या जेवणासाठी ती घेतलेली होती. त्या वर्षी सभेला नुसता चहा झाला, म्हणून ती मोकळी होती. बुंदीची साखर तहसीलच्या परवान्यावर सहकारी भांडारातून मिळाली. टॉकीजच्या मागच्या अंगणात, विहिरीजवळ, चुली लावल्या. मालकांनी आणखी एक केलं, जे आम्ही मागितलं नव्हतं. दारांना वाळ्याचे पडदे होते. पाण्याची टंचाई म्हणून त्या उन्हाळ्यात त्यांच्यावर पाणी मारणं त्यांनी बंद केलं होतं. त्या दुपारी ते सगळे पडदे ओले होते.

जळकोटचं वऱ्हाड एस.टी.नं आलं. स्टँडवर उतरल्यावर समोरच्या हॉटेलवाल्यानं सगळ्यांना पाणी दिलं आणि चहाचं विचारलं नाही. पाटी दारावर होती तशीच होती.

आत पडद्यासमोरच्या चौथऱ्यावर टेबल ठेवलं होतं. त्यावर पांढरं कापड, बुद्धमूर्ती आणि मेणबत्त्या. मागं एवढा मोठा पांढरा पडदा, की पांढऱ्या साडीतली बहीण त्याच्यापुढं लहान दिसत होती. विधी लावायला बौद्धाचार्य आले होते. सगळं वेळेवर होतं. घोटाळा झाला तो बसण्याचा.

टॉकीजचा डोअरकीपर खाकी कपड्यात, दाढी करून दाराशी उभा होता. वरपक्षाला मान द्यायचा हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं मुलाकडच्या सगळ्या मंडळींना जिन्यानं बाल्कनीत नेलं. तिथल्या खुर्च्यांना गाद्या होत्या. तहसीलदार आले तर तिथं बसत. आमच्या गावची माणसं मात्र सवयीनं सरळ पुढं गेली आणि थर्डच्या, सगळ्यांत स्वस्त तिकिटाच्या बाकांवर बसली. तीच त्यांची नेहमीची जागा. सिनेमाला ती सगळ्यांत वाईट असते. लग्नाला ती सगळ्यांत चांगली निघाली, कारण नवरा-नवरी हातभर अंतरावर होते.

मुलाला वडील नव्हते. चुलते हेच घरातले थोरले. बाल्कनीत बसल्यावर ते आधी खूश होते. विधी सुरू व्हायची वेळ आली तसे ते उठले आणि कठड्यावरून खाली वाकले.

“ओ व्याही, तुमची माणसं म्होरं, आन् आमी माळ्यावर? लगीन आमच्या पोराचंबी हाय का न्हाय?”

वडील मधल्या वाटेत आले. “पाव्हणं, ती समद्यात म्हाग जागा हाय. गादीच्या खुर्च्या हायत्या.”

“गादी काय करायची? हितनं नवरा कोण आन् फोटोवाला कोण, कळंना.”

“मग खाली या. म्होरं बसा.”

मंडळी खाली आली. आमच्या लोकांनी उठून बाकं मोकळी केली. तेवढ्यात त्यांच्यातल्या एका शिकलेल्या पाहुण्यानं भिंतीवरची अक्षरं मोठ्यानं वाचली: “थर्ड क्लास.” वऱ्हाड जागच्या जागी थांबलं.

“आमाला थर्डात बसवता व्हय?” चुलते म्हणाले.

“आमी बसलोच हुतो की,” आत्या म्हणाली. “थर्डात काय ढेकणं हायत?”

“हायत,” डोअरकीपर म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमत नसावं.

कुणी हसलं नाही. वर लांब पडत होतं आणि खाली थर्ड होतं. मधल्या फर्स्ट क्लासमध्ये बसा म्हटलं, तर ते धड ना वर, धड ना खाली, असं चुलत्यांचं म्हणणं पडलं. जळकोटला गेल्यावर लोक विचारतील, त्यांना काय सांगायचं? दारावरच्या घड्याळात पाच वाजत आले होते. बाहेर तिकीटखिडकीपाशी सहाच्या खेळाची गर्दी जमू लागली होती. तिचा आवाज पडद्यांतून आत येत होता. चुलत्यांनी टोपी नीट केली आणि दाराकडं तोंड करून उभे राहिले. हे म्हणजे निघायची तयारी, असं सगळ्यांना वाटलं.

वडिलांनी हात स्वतःच्या टोपीकडं नेला. व्याह्याच्या पायांवर टोपी ठेवायची, हा शेवटचा उपाय असतो. तो केला की लग्न लागतं, पण त्या घरात मुलीला पुढं जन्मभर ते ऐकावं लागतं.

बहिणीनं चौथऱ्यावरून ते पाहिलं. तिनं मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, “भाऊ, आबांना टोपी काढू दिऊ नको. माणसांना कशाला हालवायचं? आमी दोघंच मागं येतो. मधल्या वाटंत हुबं ऱ्हातो, माळ्याच्या म्होरं. तेवढी बाकं फिरव.”

“आन् टेबल?”

“टेबल काय पुरलंय व्हय?”

अर्धा तास लोक माणसांना इकडून तिकडं बसवत होते. लग्न उचलून दुसरीकडं ठेवता येतं, हे कुणाला सुचलं नव्हतं. मी वळलो तर नवऱ्या मुलानं टेबलाची एक बाजू उचललेली होती. तो तोवर एक शब्दही बोलला नव्हता.

थर्डची बाकं सुटी होती. ती फिरवली. टॉकीज बांधल्यापासून पहिल्यांदा थर्डवाले पडद्याकडं पाठ करून बसले असतील. टेबल हॉलच्या मध्यावर आलं, बाल्कनीच्या कठड्यापासून थोडंसं पुढं. मालकांनी चुलत्यांचा हात धरला आणि त्यांना स्वतः जिन्यानं वर नेलं. आता वरून नवरा-नवरी नीट दिसत होती आणि पुढच्या बाकांवरूनही दिसत होती. कुणाची जागा पुढची आणि कुणाची मागची, हे त्यानंतर सांगता आलं नसतं.

फुलं त्या वर्षी मिळत नव्हती. तुळजापूरहून आणलेल्या पाकळ्यांचं ताट थर्डमध्येच फिरून रिकामं झालं. वर काहीच पोचलं नाही. पुन्हा तक्रार येणार म्हणून मी जिन्याकडं निघालो, तर डोअरकीपर माझ्याआधी वर पोचला होता. दारात फाडलेल्या तिकिटांचे अर्धे तुकडे तो एका डब्यात साठवायचा. बाल्कनीचे गुलाबी, फर्स्टचे हिरवे, थर्डचे पिवळे. तो डबा त्यानं चुलत्यांच्या पुढं धरला.

“हे काय?”

“आजच्याला फुलं,” डोअरकीपर म्हणाला.

चुलत्यांनी डब्यात पाहिलं आणि मूठ भरून घेतली. त्रिशरण झालं, पंचशील झालं, दोघांनी हार घातले. “साधु, साधु, साधु” म्हटलं तसे वरून कागदाचे तुकडे सुटले. पाकळ्यांपेक्षा ते सावकाश खाली आले, कारण पंखे चालू होते. काही बहिणीच्या केसांत अडकले, काही बौद्धाचार्यांच्या खांद्यावर बसले.

अंगणात पंगती बसल्या तेव्हा सहा वाजून गेले होते आणि आतली बाकं अजून पडद्याकडं फिरवायची होती. मालक बाहेर जाऊन गर्दीपुढं उभे राहिले आणि आत लग्न आहे, थोडा उशीर होईल, एवढंच म्हणाले. गर्दीतून एकानं विचारलं, “नवरी बगायला तिकीट हाय का?” लोक हसले आणि उभे राहिले. पत्र्यावर एकही दगड पडला नाही.

पुढं मी वर्तमानपत्रात नोकरी केली. शहरातल्या संस्थांच्या बातम्या मी बऱ्याच लिहिल्या: कोनशिला, वर्धापनदिन, नव्या इमारती. कोण हजर होते, कोणी आभार मानले, हे त्यांत नीट असायचं. त्या दुपारची बातमी कुठं आली नाही. ती आता लिहितो आहे, ते आभाराचं काम राहून गेलं होतं म्हणून. हॉल आणि विहीर टॉकीजवाल्यांची, पातेली संघाची, साखर भांडाराची, स्टँडवरचं पाणी हॉटेलवाल्याचं. यांतली एक जरी गोष्ट नसती, तर बहिणीचं लग्न त्या उन्हाळ्यात झालं नसतं. पुढच्या उन्हाळ्यात झालं असतं की नाही, मला माहीत नाही.

जेवणं झाल्यावर जळकोटकडं जाणाऱ्या गाडीला अजून बराच वेळ होता. चुलते मालकांकडं गेले.

“आता खेळ कंचा लागनार हाय?”

मालकांनी सिनेमाचं नाव सांगितलं.

“वर जागा हाय का?”

“गाद्या आवडल्या वाटतं,” मालक म्हणाले. “बसा. तुमचीच जागा आहे.”

वऱ्हाड पुन्हा जिना चढून वर गेलं. नवरा-नवरीही गेली. बहिणीनं त्याआधी आयुष्यात एकच सिनेमा पाहिला होता, तोही थर्डात, मान मागं टाकून.

वडील आणि मी विहिरीपाशी संघाची पातेली घासत होतो. पाणी जपून वापरायचं, असं वडील मला दोनदा म्हणाले. हात धुऊन ते सिनेमाच्या पडद्याशेजारच्या मागच्या दाराशी गेले आणि वाळ्याचा पडदा जरा बाजूला केला. खेळ सुरू झाला होता. त्यांना पडद्यावरचं काही बघायचं नव्हतं. ते वर बघत होते, अंधारात डोळे बारीक करून.

“दिसली का?” मी विचारलं.

“दिसली.”

“कुठं बसलीया?”

“वर. मधोमध,” वडील म्हणाले, आणि पडदा सारखा करून पातेल्यांकडं आले.