डॅशबोर्डखालची खळ

काकाच्या गाडीचा हॉर्न पोलादपूरच्या स्टँडवर आपोआप वाजायला लागला तेव्हा सगळे हसले. मग लख्ख उन्हात वायपर कोरड्या काचेवर फिरायला लागले आणि दरवाज्यांची कुलपं खटाखट उघडायला-मिटायला लागली.

"अंगात आलंय रे तुझ्या गाडीच्या," एक ड्रायव्हर ओरडला. "लिंबू उतर!"

काकाने इंजिन बंद केलं. पुन्हा चावी फिरवली, तर गाडी चालूच होईना. कुडपणला जाणारे सात जण सामान घेऊन खाली उतरले आणि दुसऱ्या गाडीकडे गेले. काका बॉनेटवर हात टेकून उभा राहिला. मग त्याला आठवलं, की पंधरा दिवसांपूर्वी त्याने आंबेनळी घाटातल्या धुक्यासाठी पिवळे दिवे बसवून घेतले होते, स्टँडमागच्या वायरमनकडून.

तो वायरमन म्हणजे बाबांचा जुना सोबती. पत्रकं लावायची असली की शिडी त्याच्याच दुकानातून यायची. मी त्याला मामा म्हणायचे.

"माझी वायर वेगळी हाय," मामा शांतपणे म्हणाला. "थेट बॅटरीवरनं घेतलीय. तुझ्या गाडीच्या मेंदूला मी हात लावला नाय."

"मग काय तुझ्या बापानं लावला?" काका म्हणाला.

मी काकाच्या बाजूला उभी होते. काकाचं पोट त्या गाडीवर होतं आणि समोरचा माणूस जबाबदारी झटकत होता. मला एवढं पुरेसं होतं.

आमच्या घरात अन्याय झाला की पत्रक निघतं. बाबा शाळेत शिक्षक होते, पण मला अक्षर ओळखायला शिकवलं ते पत्रकांच्या प्रुफांनी. गप्प बसणारा माणूस अन्याय करणाऱ्याचाच भागीदार असतो, हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी पाठ केलं होतं. दुपारी बसून एका दमात लिहिलं: 'वाहनधारकांनो, सावध! स्टँडमागच्या अर्धवट कारागिराने एका कष्टकऱ्याची गाडी निकामी केली आहे.' नाव घातलं नाही. त्यात मला सचोटी वाटली. त्या स्टँडमागे वायरमन एकच होता.

बाबांनी कागद वाचून चष्मा काढला. "त्याला विचारलंस?"

"मी तिथेच होते, बाबा."

"होतीस. विचारलंस का?"

तुम्ही मैत्री बघताय, मी तत्त्व बघते, असं काहीतरी मी म्हणाले. ते आता आठवलं की कान तापतात.

खळ मीच शिजवली, आईच्या पद्धतीने. कणीक पाण्यात ढवळायची, आटवायची आणि उतरवताना चिमूटभर निळं मोरचूद टाकायचं, म्हणजे किडे कागद खात नाहीत. आमची पत्रकं दोन-दोन पावसाळे टिकतात, याचा घरात सगळ्यांना अभिमान. या वेळी शिडी मागता येणार नव्हती. स्टँडभोवतीच्या भिंतींवर हात पोचेल तितक्या उंचीवर चाळीसेक कागद लावले.

मामा दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसून राहिला. आठवडाभरात त्याच्याकडे गाडी लागायची बंद झाली.

काकाची गाडी ओढून महाडला नेली, मीही सोबत गेले. तिथला मेकॅनिक लॅपटॉप घेऊन आत वाकला आणि म्हणाला, बॉडी कंट्रोल मॉड्यूल गेलंय. दिवे, वायपर, हॉर्न, कुलपं, चावी, सगळ्यांचा कारभार बघणारी एक काळी डबी. डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या पायांपाशी, डॅशबोर्डखाली. त्याने ती काढली, उघडली आणि नाकाशी धरली.

"हे काय हो? पीठ हाय ह्याच्यात."

आतल्या हिरव्या पट्टीवर पांढरी खपली वाळली होती आणि तिच्या कडेला निळी झाक होती. त्याने नखाने खरवडली. "निळं कसं पण? साध्या पाण्यानं असं होत नाय. कुणी औषध-बिवषध सांडलं काय?"

मला तो निळा रंग ओळखीचा होता.

महिन्यापूर्वी शिवथरच्या रस्त्यावर, पाण्याच्या प्रश्नाची पत्रकं लावायला जाताना, काकाच्या गाडीत मी पुढे त्याच्या शेजारी बसले होते आणि खळीची बादली माझ्या पायांत होती. वळणावर ती कलंडली; काकाचं लक्ष रस्त्यावर होतं. काकाला कळू नये म्हणून मी घरी येऊन पाइप लावला आणि आतून गाडी स्वच्छ धुतली. जोरात, डॅशबोर्डच्या खालीसुद्धा. काका खूश झाला होता. "बघ, पोरीला कामाची लाज नाय," असं चार जणांना सांगत होता.

"माझ्याकडून झालंय," मी म्हणाले.

काकाने माझ्याकडे बघितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "आणि त्या माणसाला मी बापावरनं बोललो गो."

नवी डबी बसवली. दिवे लागले, हॉर्न वाजला. गाडी मात्र चालू होईना. नव्या डबीला काकाची चावी ओळखता येत नव्हती. ओळख करून द्यायला कंपनीकडून कोड यायला हवा होता. एक दिवस गेला, दोन गेले.

"गाडी आमची, चावी आमची, मग परवानगी कुणाची?" मी मेकॅनिकवर ओरडले.

"ताई, मी पण इथं पगारीच हाय," तो म्हणाला. "माझ्यावर पत्रक काढा पायजे तर."

त्याला काही माहीत नव्हतं. तो सहज बोलला.

तिसऱ्या दिवशी मी बादली आणि पत्र्याचा तुकडा घेऊन पोलादपूरला गेले. आमची खळ निघत नाही. पाणी मारून, खरवडून बोटं सोलली, तरी कागदाचा वरचा थरच निघायचा आणि अक्षरं भिंतीवर राहायची. मामा खुर्चीतून बघत होता. मी जवळ जाऊन सगळं सांगितलं आणि पिशवीतून माफीचं पत्रक काढलं.

त्याने ते पूर्ण वाचलं. घडी घालून परत दिलं.

"चिकटवू नको."

"पण लोकांना कळायला हवं, मामा."

"मग तोंडानं सांग. मी भिंतीवर नको परत."

म्हणून मी स्टँडवर एकेका गाडीपाशी गेले. चूक माझी होती, वायरमनची नव्हती, असं प्रत्येकाला सांगितलं. कुणी मान हलवली, कुणी मोबाइलवर बोलतच राहिला. काकाला लिंबू उतरायला सांगणाऱ्या ड्रायव्हरने मात्र नीट ऐकून घेतलं.

"बरं बरं," तो म्हणाला. "पण दिवे त्यानंच लावलेले ना?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. त्याचे प्रवासी भरले होते. त्याने गाडी चालू केली.

कोड आला, गाडी परत आली. काकाने ती सरळ मामाच्या दुकानासमोर उभी केली, सगळ्यांना दिसेल अशी. "हे दिवे जरा बघ रे," म्हणाला. दिवे ठीक होते. मामाने तरी वाकून बघितले, एक स्क्रू उगाच आवळला आणि आत जाऊन बसला.

त्या दिवशी त्याच्या दुकानात तेवढी एकच गाडी आली. मी समोरच्या भिंतीपाशी होते. हात पोचेल तिथपर्यंत मीच लावलं होतं आणि हात पोचेल तिथपर्यंत खरवडत होते.