उरलेल्या सिमेंटचा दात

दातांच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडातली थुंकी ओढायची नळी धरून उभ्या राहिलेल्या बाईला लोक काय म्हणणार? नळीबाईच म्हणणार. डॉक्टर म्हणायचे, पेशंट म्हणायचे, समोरचा चष्मेवालासुद्धा म्हणायचा, आणि तो तर तिच्याशी उभ्या जन्मात एक शब्द बोलला नव्हता. घरी तिला बरंसं नाव होतं, पण ते वापरायची वेळ कुणावर येत नसे. आईच्या खोलीतून नुसतं "अगंऽ" यायचं, आणि त्या "अगं"ला ओ द्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

वय चव्वेचाळीस. लग्न झालं नाही. शेजारणी म्हणत, होऊ दिलं नाही. वडील गेल्यावर आईचं कोण बघणार, हा प्रश्न तिच्या दादाने फार लवकर आणि फार हुशारीने सोडवून टाकला होता. आईला रात्रीतून चारदा उठवून मोरीवर न्यावं लागे. तेवढं सोडलं तर नळीबाईला घरात सगळं सुख होतं, असं दादा पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे माना डोलवायचे, कारण चहा नळीबाईच आणून द्यायची.

तिची म्हणावी अशी एकच गोष्ट त्या घरात होती. जिन्याकडे खिडकी असलेली आठ बाय सातची खोली. त्या खोलीच्या दाराला आतून कडी होती. दवाखान्यातून आल्यावर ती कडी लावून वीस मिनिटं नुसती बसायची. काय करते, असं वहिनीने एकदा कान लावून ऐकायचा प्रयत्न केला होता. आत काहीच होत नव्हतं, आणि त्याचाच वहिनीला जास्त राग आला.

पाण्याखालचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते एका पेशंटमुळे. समुद्रात बुड्या मारायला शिकवणारा मास्तर होता तो. डॉक्टर फोनवर बोलायला बाहेर गेले, मास्तरांचा जबडा अर्धा बधिर, तोंडातून लाळ गळतेय, अशा अवस्थेत ते म्हणाले, "खाली गेलं ना बाई, की कुणी बोलत नाही. बोलताच येत नाही."

नळीबाईचा हात थांबला. लाळ मास्तरांच्या कॉलरवर गेली.

"कुणीच नाही?"

"तोंडात हवेचं बोंड धरलेलं असतं. बोलणार कसं? या की. आता थंडीचं गिऱ्हाईक नसतं, अर्ध्या पैशांत शिकवतो. दोन दिवस, चार बुड्या, चारही पुऱ्या केल्यात तर शिकल्याचं कार्ड. मात्र एक जरी अर्धी राहिली तर पुन्हा सगळे पैसे."

तिने त्या रात्री जेवताना घरात सांगितलं. हीच तिची चूक, असं वाटेल. पण न सांगून करते काय? दोन दिवस आईला कोण उठवणार, हे ठरायला हवं होतं.

वहिनीला ठसकाच लागला. "पाण्याखाली? वन्सं, तुम्ही आधी बादलीत डोकं घालून बघा. बादलीनं कार्ड दिलं तर पुढे जा."

आई म्हणाली, "बुडलीस तर माझं कोण करणार?" बुडालेल्या मुलीचं काय, हा मुद्दा तिच्या मनाला शिवलाही नाही.

दादा मात्र खूश झाला. त्याच्या मुलीला अभ्यासाला खोली हवी होती आणि वर्षभर तो विषय कुठून काढावा ते त्याला सुचत नव्हतं. तो म्हणाला, "जा. कार्ड आणलंस तर ती खोली तुझी, मरेपर्यंत. कुणी नाव काढणार नाही. नाही आणलंस तर खोली हिच्या अभ्यासाला, आणि तू आईजवळ झोप. कबूल?"

"आत्याऽ, कबूल म्हण ना," भाची म्हणाली. तिने मनातल्या मनात भिंतींचा रंगसुद्धा ठरवला होता.

नळीबाई म्हणाली, "कबूल."

मग सुरू झाली काटकसर. डोळ्यांवर लावायचा मुखवटा तिने कुणाच्या तरी जाहिरातीवरून जुना घेतला आणि त्याची काच दवाखान्यातल्या दात चमकवायच्या पेस्टने घासून लख्ख केली. पायातल्या पंखांची जोडी मास्तरांनी उसनी दिली. डावा एका मापाचा, उजवा दुसऱ्या. रबरी पोशाख भाड्याचा. असल्या पोशाखात पाण्याखाली माणसं काय काय करतात ते मास्तरांनी सांगितलं नाही, वासाने सांगितलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात तिचा दात किडला. उजवीकडची खालची दाढ.

त्या दवाखान्यात एक रीत होती. पेशंटच्या दातात भरायला सिमेंट कालवलं की थोडं उरतंच. डॉक्टर ते टाकायचे नाहीत. त्यांच्या मते ते पाप होतं. झाडूवालीच्या तोंडात असे दोन दात होते, औषधवाल्याच्या पोऱ्याच्या एक, आणि नळीबाईच्या तर तीन. डॉक्टर काट्यावर मुंगी मोजणारा माणूस, पेशंट खुर्चीतून उठला की हाक मारायचे, "कुणाचा दात आहे का रे? वाळायला लागलंय!"

त्या दुपारीही तसंच झालं. "चला नळीबाई, आ करा, फुकट जातंय." ती खुर्चीत बसली. स्वतःच्या तोंडात स्वतःच नळी धरली. डॉक्टर मान वाकडी करून खांद्याशी धरलेल्या फोनवर साडूशी बोलत होते. त्यांनी दात धड वाळवलाही नाही. वाळत आलेलं सिमेंट वरून दाबलं, बोटाने गुळगुळीत केलं, आणि म्हणाले, "राजाला होत नाही असं काम झालंय." खाली पोकळी राहिली आणि पोकळीत हवा राहिली. हे तिला कळायला हवं होतं. एकोणीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या बाबतीत तेच तर पाहिलं होतं. पण फुकटच्या दाताकडे कोण निरखून बघतं?

किनाऱ्यावर मास्तरांनी फॉर्म दिला. त्यात प्रश्न होता: अलीकडे दातांचं काही काम झालं आहे का? हो लिहिलं तर डॉक्टरची चिठ्ठी लागणार. डॉक्टरांकडे चिठ्ठी मागायची म्हणजे आठवडाभर पेशंटांसमोर खिल्ली. तिने "नाही"वर खूण केली.

पहिला दिवस असा गेला की तिला आपण कुठल्या आईची मुलगी हेही आठवलं नाही. मास्तर म्हणाले, मुखवट्याच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकायचं. तिने आजवर दुसऱ्यांचं तेवढंच उपसलं होतं. स्वतःचं कुणाच्या उपयोगी पडतंय हे तिला पहिल्यांदाच दिसलं, आणि ती अशी मन लावून थुंकली की तिच्या जोडीला दिलेला विमावाला नाव सोडून पळायच्या बेतात आला. खाली चार मीटरवर मात्र खरोखर कुणी बोललं नाही. नुसता आपल्याच श्वासाचा खरखराट. दोन बुड्या झाल्या. दाढ थोडी ठणकली, तिने लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आठ मीटर. खाली जाताना कुणीतरी दाढेत खिळा ठोकतंय असं वाटलं. ती जबडा घट्ट मिटून राहिली. वर येताना मात्र आतली हवा फुगली आणि दाढ फुटते की काय असं झालं. तोंडातलं बोंड चावून चावून तिने त्याचं रबर तोडलं. नावेवर आली तेव्हा डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि विमावाला म्हणतोय, "ताई, समुद्र सगळा बरोबर आणलात की काय?"

मास्तरांनी तिचा चेहरा पाहिला. "बाई, त्रास होतोय का? शेवटची बुडी नको करायला. पुढच्या वेळी या."

"पुढच्या वेळी सगळे पैसे?"

"नियम म्हणजे नियम."

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वरून झाकण, आत हवा. झाकण काढलं की पाणी आत जाईल, हवा कोंडणार नाही, दाढ फुगणार नाही. थंड पाणी उघड्या नसेला लागेल ते वेगळं. तिने पर्समधून नेलकटर काढलं, त्याचं टोकदार पातं उघडलं, विमावाल्याला म्हणाली, "जरा माझा मुखवटा धरा, आरशासारखा." आणि नावेच्या कठड्याला टेकून, लाटांवर हलत हलत, तिने डॉक्टरांचं काम उचकटलं. तिसऱ्या प्रयत्नाला सिमेंटचा खडा निघाला. विमावाला बाजूला वाकून ओकला.

चौथी बुडी तिने उघड्या नसेने केली. खाली मास्तर बोटांची गोल खूण करून विचारत होते, ठीक? ती गोल खूण करून सांगत होती, ठीक. मुखवटा काढून परत लावायचा होता, लावला. कवटीत कुणी बर्फाची सुई घालत होतं, पण ओरडता येत नव्हतं, आणि ओरडता येत नाही म्हणूनच बहुधा ती टिकली. तासाभराने मास्तरांनी कार्डावर तिचं नाव घातलं. ते घरातलं, कुणी न वापरलेलं.

घरी पोचली तेव्हा गाल चेंडूसारखा सुजला होता. खोलीच्या दारातच रंगाचा डबा होता. ती गेली त्याच सकाळी काम सुरू झालं होतं. भिंती गुलाबी. तिची ट्रंक आईच्या पलंगाखाली. आणि दाराची कडी काढलेली, तिच्या जागी स्क्रूची चार भोकं.

"मुलीच्या जातीला आतून कडी नको," वहिनी म्हणाली. "काळजी वाटते हो."

नळीबाईने कार्ड पुढे धरलं.

दादाने ते उलटसुलट करून पाहिलं. "अरे वा! फोटो बरा आलाय." मग परत दिलं. "अगं, ती गंमत होती. खोलीसाठी कुणी पैज लावतं का? आता रंगसुद्धा झाला."

"तू मरेपर्यंत म्हणालास."

"तोंडाला वास येतोय आत्याच्या," भाची म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

आई पलंगावरून म्हणाली, "आलीस का? दोन दिवस ही मेली मला एकदाच उठवत होती. चल, हात दे."

नळीबाईने हात दिला, आईला नेऊन आणलं, पांघरूण घातलं. सकाळी ट्रंक घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी दाढ उपटली, वर म्हणाले, "बुडबुडा राहिलाय हे तेव्हाच वाटलं होतं मला. म्हटलं, नळीबाई काय, सोसतील." तिने बोळा चावत विचारलं, मागची साच्यांची खोली मिळेल का राहायला? डॉक्टरांना दवाखाना उघडायला फुकटचं माणूस मिळत होतं. त्यांनी किल्ली दिली. पेशंटांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे फळ्यांवर मांडलेले, मधे एक खाट. दाराला आतून कडी होती. तिने आधी तेच बघितलं होतं.

पंधरा दिवसांत वहिनी दवाखान्यात आली. डोळ्यांखाली काळं, केस कसेही बांधलेले. बाकावर पेशंटांमधे बसून राहिली, कारण नळीबाई बाहेर आली नाही.

शेवटी खुर्ची रिकामी झाली तेव्हा आत घुसली. "वन्सं, चला आता. खोली रिकामी करते. कडी बसवून देते, दोन बसवते. हे रात्री उठत नाहीत हो. मी एकटी कितीदा उठू? सासूबाई शिव्या घालतात."

"मुलीचा अभ्यास?"

"जळो तो अभ्यास. रात्रभर आजीच्या हाका, कसला अभ्यास करतेय ती. आणि सासूबाईंनी निरोप दिलाय. म्हणाल्या, तिला सांग, तू नाही आलीस तर मी मेले असं समज."

डॉक्टरांनीसुद्धा ऐकायला हातातला आरसा खाली ठेवला.

नळीबाई नळी धुवत होती. ती पुरी धुऊन, झटकून, जागेवर अडकवून झाल्यावर म्हणाली, "खरंच मेली की कळवा. बुधवारी नको. बुधवारी मी समुद्रावर असते."

वहिनी तिथेच उभी राहिली. मग खुर्चीत पुढचा पेशंट येऊन बसला, आणि तिला बाजूला व्हावं लागलं.