सानिकाला समजवायला लेस्टरला

हीथ्रोवर माझा धाकटा भाऊ शिरीष फुलं घेऊन उभा दिसला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. एरवी तो पार्किंग किती महाग झालंय हे सांगत बॅग ओढायला लागतो. गाडी मोटरवेला लागेपर्यंत त्याने नागपूरच्या उन्हापासून शेजाऱ्यांच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आला.

"ताई, तुला इंग्लंड दाखवायचंच आहे. पण त्याआधी सानिकाशी जरा बोल."

सानिका ही त्याची एकुलती एक मुलगी. लेस्टरमध्येच फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि शाळेपासून हॉकीची गोलकीपर. हॉलंडमधल्या एका क्लबने तिला दोन वर्षं व्यावसायिक खेळाडू म्हणून बोलावलं होतं. पगार बेताचा, राहायला एक खोली आणि फिरायला एक सायकल. हो म्हटलं तर कॉलेज सोडावं लागणार होतं. कॉलेज तिची जागा एकच वर्ष राखणार, त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून अर्ज. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

"निर्णय तिचाच आहे," शिरीष म्हणाला. "फक्त तो कॉलेजचा असावा."

आमच्या घरात कुणाचं मन वळवायचं झालं की मला बोलावतात. आजवर हे काम रिक्षाच्या अंतरावर असायचं. या खेपेला विमानाचं तिकीट आलं, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी माझ्या भावजयीने, मेधाने, मला बेलग्रेव्ह रोडवर नेलं. थर्मलवर साडी, साडीवर कोट आणि पायात सानिकाचे जुने बूट अशा अवतारात मी चालत होते, आणि काचेमागच्या पुतळ्या माझ्यापेक्षा कितीतरी झोकात साड्या नेसून माझ्याकडे बघत होत्या. गरम जिलबी, मेथीच्या जुड्या, कढीपत्ता, काय म्हणाल ते होतं. परदेशात आल्याचा पुरावा म्हणून फोटो काढायला मला लाल टपालपेटी शोधावी लागली. मेधाने पोतंभर बटाटे घेतले. शनिवारी सानिकाच्या क्लबची मॅच टी होती (सामना संपल्यावर यजमान संघ पाहुण्या संघाला बसवून खाऊ घालतो, ती पद्धत), आणि मेधाचे वडे खायला म्हणे आजूबाजूच्या गावांतले संघ आनंदाने हरायला येतात.

शनिवारी मात्र ते जिंकायला आले होते. मैदानावर नकली हिरवळ, वर त्यावर मुद्दाम पाणी मारलेलं, आणि त्या ओल्या वाऱ्यात मी दोन ब्लँकेटं पांघरून बसलेली. सानिका दोन्ही पायांना गादीएवढे पॅड बांधून गोलमध्ये उभी होती आणि एकसारखी ओरडत होती. घरात पाणी मागतानाही जिचा आवाज निघत नाही, ती मुलगी दहा जणींना इकडे सरक, तिकडे पळ म्हणून हाकत होती. चेंडू येताना मी डोळे मिटत होते आणि ती पुढे झेपावत होती. अगदी शेवटी पलीकडच्या एका उंच मुलीने तिला चकवलं आणि आम्ही हरलो.

मला वाटलं, आता पोरगी रडणार. पण अर्ध्या तासात ती अंगावर एप्रन चढवून हॉलमध्ये वडे वाढत होती, आणि ज्या मुलीने गोल केला तिला हसून जास्तीची चटणी देत होती. मला तिचा फार अभिमान वाटला. पाठोपाठ धास्तीही वाटली, कारण मी ज्या कामाला आले होते ते आता अवघड झालं होतं.

गाडीकडे जाताना तिने विचारलं, "आत्या, तू मला कन्व्हिन्स करायला आली ना?"

"आले. तिकीट काढून."

"ओके. मग कर ना."

"उद्या करते," मी म्हटलं आणि थंडीचं निमित्त करून भराभर चालायला लागले.

रविवारी हॉलंडच्या क्लबच्या प्रशिक्षक मारायका घरी भेटायला येणार होत्या. सकाळपासून धांदल उडाली. मेधाने पडदे बदलले आणि वर खोबरं पेरून कांदेपोहे केले. शिरीषने ब्लेझर घातला. वडीलधारी म्हणून मला सोफ्याच्या मध्यभागी बसवलं. सानिकाला कुर्ता घालायला लावला आणि हाक मारली की ट्रे घेऊन ये असं बजावलं. आपण नेमकं काय करतो आहोत हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मारायका चाळिशीच्या, मोकळ्या बाई. त्यांनी पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले. शिरीषने क्लबमध्ये मंडळी कशी आहेत, मुलीच्या जेवणाचं कोण बघतं, अशी रीतसर चौकशी केली. मग म्हणाला, "आणि दुखापत झाली तर?"

"तर ती घरी येईल," बाई म्हणाल्या. "माझा गुडघा गेला तेव्हा मी घरीच गेले. मग माझ्याहून लहान मुलांबरोबर वर्गात बसून शिकले. जिना चढताना अजून दुखतो."

"पुन्हा संधी मिळाली तर जाल?" मी विचारलं.

"मला विचारू नका. मला सानिका हवीच आहे." मग त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "मी आल्यापासून तुम्ही तिघं बोलताय. खेळाडू एक शब्दही बोललेली नाही. तुमच्याकडे अशी पद्धत आहे का?"

पद्धत होतीच की. सानिका दाराशी ट्रे धरून उभी होती, मान खाली. अशाच उभ्या राहिलेल्या मला एकदा सगळ्यांनी पसंत केलं होतं आणि मला कुणी काही विचारलं नव्हतं.

"सानिका," मी म्हटलं, "तो ट्रे खाली ठेव आणि इथे बस."

नागपूरहून येऊन मी तिला जे समजावलं ते एवढंच.

ती माझ्या शेजारी बसली. "मला जायचंय, बाबा. मे बी मी बेंचवरच बसेल. मे बी गुडघा जाईल. मग मी परत येईल आणि कॉलेज परत स्टार्ट करेल, सगळ्यात ओल्ड स्टुडंट. पण आता नाही गेली तर मी पूर्ण लाइफ तेच विचार करेल."

शिरीष उठला आणि मारायकांना म्हणाला, "पोहे घ्या ना अजून."

सोमवारी तिने होकार कळवला. पुढचे दिवस शिरीषने मला किल्ले, चर्च, तळी, सगळं दाखवलं, आणि सगळीकडे तो माझ्या पुढे दहा पावलं चालत होता. विमानतळावर सोडायला आला तेव्हा गाडी थांबवून म्हणाला, "ताई, ती इतकी लांब जाणार याची मला भीती वाटते गं."

"मग तिला सांग."

"तू सांग ना."

मला हसूही आलं आणि रडूही. "तू इकडे यायला निघालास तेव्हा आईला समजवायला मलाच बसवलं होतंस."

"काय म्हणाली होती ती?"

"काहीच नाही. उठली आणि तुझी बॅग भरायला लागली."

त्याने मान दुसरीकडे वळवली आणि माझं सामान उतरवायला गेला.

आता इथे सगळे विचारतात, इंग्लंडात काय पाहिलंस? मी टपालपेटीचा फोटो दाखवते. दुसरा एक आहे, तो अजून कुणाला दाखवलेला नाही. मेधाने काल पाठवला. शिरीष जमिनीवर मांडी घालून बसलाय, समोर सानिकाची ती अवाढव्य बॅग, आणि गोलकीपरच्या पॅडांच्या मधल्या फटीत तो पोह्यांची पाकिटं कोंबतोय. खाली मेधाने लिहिलंय, "बॅग बंद होत नाहीये. ताई, आता तुम्हीच समजवा याला."

मी लिहिलं, "भरू दे त्याला."