आमचं ऑफिस तयार होतं

वर्ध्यात ज्या बियाणे कंपनीच्या हिशेब विभागात मी नोकरीला होते, तिथं एकदा पुण्याच्या मुख्य ऑफिसातून ईमेल आली. फायनान्स ट्रान्सफॉर्मेशन होणार, म्हणजे हिशेबाची सगळी पद्धत बदलणार, आणि आपली तयारी किती आहे ते बघायला एक मॅडम येणार. ईमेलमध्ये एवढंच होतं. पुढचं आम्ही आमच्या मनानं वाचलं: तयारी नसेल ते ऑफिस बंद. घरात पगार माझा एकटीचा, तरी भीती अशी वाटली नाही. आई गेल्यापासून मला फारसं काही वाटतच नसे.

आमचे मोठे बाबू म्हणजे विभागाचे प्रमुख. त्यांचे वडील हेडमास्तर होते. तपासणी म्हटली की बाबूंच्या अंगात वडील संचारायचे. आदल्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं.

"मॅडमनं काईही विचारलं तं सर्वाइनं हात वर करायचा. ज्याले उत्तर येते त्यानं उजवा, ज्याले येत नाई त्यानं डावा. उजव्यावाल्यालेच मी बोलाले लावतो."

"बाबूजी, आपण काय चौथीत आहो काय?" मी म्हटलं.

"चौथीतले पोट्टे बरे, बाई. त्याइची नोकरी नाई जात."

मॅडम आल्या. वयानं लहान, बोलायला गोड, चहा बिनसाखरेचा. त्यांना आमच्या वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा पुडा दिला. प्रश्न आला की हातांचं जंगल उभं राहायचं आणि मॅडम खूश व्हायच्या. मला त्या सोंगाचा कंटाळा आला होता. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणी अचानक रजेवर गेलं, तर काम अडतं का?"

याचं उत्तर माझ्याइतकं कुणालाच येत नव्हतं. आईला सेवाग्रामला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी दिवसभर फोनवर बिलंच निस्तरत होते. आई आतून विचारायची, "कोनाचा फोन होय वो?" ऑफिसचा, म्हणायचे. नंतर नंतर तिनं विचारणं सोडलं.

माझा उजवा हात वर होता. बाबूंनी मलाच उठवलं.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "आमच्यावाचून काहीच अडत नाही."

बाबूंनी आदल्या दिवशी उत्तर तसंच पाठ करून घेतलं होतं. मॅडमनी मान डोलावली आणि टाइप केलं. त्या गेल्यावर बाबूंनी समोसे मागवले.

निकाल व्हिडिओ मीटिंगमध्ये लागला. पडद्यावर पुण्याचे साहेब होते. सगळ्या ऑफिसांत वर्ध्याची तयारी उत्तम निघाली, ते म्हणाले. आमच्यापैकी कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. इथलं काम माणसांवाचून अडत नाही, म्हणून सुरुवात इथूनच. हिशेब पुढच्या महिन्यापासून पुण्याला होतील आणि हा विभाग बंद होईल.

मला राग यायला हवा होता. आला नाही. रडूही आलं नाही. पंख्याचा कटकट आवाज तेवढा ऐकू येत होता. बाबू पडद्याकडे बघत उभेच होते.

"सगळ्यांना समजलं ना?" साहेबांनी विचारलं. "समजलं असेल तर हात वर करा."

आमचे हात सवयीनं वर गेले. मी मान वळवून पाहिलं. माझा डावा होता. बाबूंचाही.