सोवळ्यातले घरमालक

अख्ख्या परभणी जिल्ह्यात माझ्या घरमालकांइतका सोवळा माणूस झाला नाही आणि पुढं होणारही नाही, असं ताडकळसच्या लोकांचं ठाम मत होतं. मी त्यांच्या घरात भाड्यानं राहिलो आणि मला तरी या मताविरुद्ध बरीच वर्षं काही पुरावा सापडला नाही. त्यांच्या अंगणात दोन खांबांना बांधलेल्या दोरीवर कायम धोतरं वाळत असायची. सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, दिवेलागणीला आंघोळ, आणि मधल्या वेळात नुसतंच न्हाणीत जाऊन पाणी ओतल्याचा आवाज. आळीतली पोरं लपंडाव खेळताना त्या धोतरांच्या आड कधी लपत नसत, कारण शिवलं तर पाप लागतं असं आयांनी बजावून ठेवलेलं. घरमालक कुणाच्या सतरंजीवर बसत नसत, कुणाच्या बाजेवर टेकत नसत. कुठंही जायचं तर काखेत स्वतःचा शिसवी पाट. देवळात कीर्तन असो की कुणाकडं बारसं, हा पाट दाराशी ठेवायचा, त्यावर एकटं बसायचं आणि कीर्तन ऐन रंगात आलेलं असताना ताडकन उठून, पाट उचलून घराकडं चालू लागायचं. कीर्तनकारसुद्धा रागावत नसत. "संध्येची वेळ झाली असंल," म्हणून उलट हात जोडत.

मी तिथं पोचलो तो एकाहत्तर-बाहत्तरचा सुमार. हायस्कुलात गणिताचा मास्तर म्हणून नेमणूक झाली होती आणि गावात खोली मिळत नव्हती. खोल्या होत्या, पण त्या मिळण्याची एक पद्धत होती. आधी नाव विचारायचे, मग आडनाव, मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला, आणि तिथपर्यंत आलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली असायची. आम्ही छप्पन सालानंतर बौद्ध झालेलो, राणीसावरगावचे. शेवटी कुणीतरी गंमत म्हणून मला ब्राह्मण आळीच्या टोकाला, या सोवळ्या माणसाच्या दारात पाठवून दिलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. ते कुणाच्याच तोंडाकडं पाहत नसत. बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणावर खिळलेली असे. त्या बटणालाच त्यांनी विचारलं, "तुमी घोरता का?" मी नाही म्हणालो. "मग राहा," म्हणाले आणि किल्ली दिली.

दुसऱ्याच दिवशी देवळाचे पुजारी धावत आले. मी आतून ऐकत होतो.

"अहो, कुणाला ठेवलंत घरात?"

"गुरुजींना."

"ते कोण आहेत, मालूम आहे ना तुमाला?"

"आहे की. बौद्ध आहेत. गणित शिकवतात."

"मग तुमच्या सोवळ्याचं काय?"

"माझं मला धुवावं लागतं. त्यांना कशाला त्याचा त्रास?"

पुजारी चक्क नमस्कार करून गेले. संध्याकाळपर्यंत हे वाक्य गावभर झालं. काय अधिकार आहे, काय दृष्टी आहे, म्हणून लोक माना हलवू लागले. घरमालकांच्या प्रत्येक बोलण्याचं असंच व्हायचं. ते आपले सरळ सांगायचे आणि लोक त्यात अध्यात्म शोधायचे. निरोप देताना कुणी सवयीनं "येत जा" म्हणालं तर ते दारातच थांबून "कधी?" विचारत, आणि तो बिचारा आता यांना उत्तर काय द्यावं म्हणून घाबरून जाई. जेवताना ते भात आधी संपवत, मग नुसतं वरण पीत, मग भाजी. ताटात एक पदार्थ दुसऱ्याला लागला की ताट बाजूला. वरातीचा बँड लांबून ऐकू आला तरी कानांत बोटं घालून मागच्या खोलीत जाऊन बसत. आणि कंदिलाच्या काचा! काचेवर काजळीचा ठिपका त्यांना सहन होत नसे. आळीतल्या बाया दुपारी त्यांच्या ओट्यावर काचा ठेवून जात आणि संध्याकाळी उचलून नेत. राख आणि फडकं घेऊन ते अशा काही काचा पुसत की कंदिलाला काच आहे की नाही ते हात लावून बघावं लागे.

माझी मुलगी आता सांगते की अशा माणसांसाठी डॉक्टरांकडं शब्द आहे, स्वमग्न. असेल. तेव्हा ताडकळसात अशांसाठी येडपट आणि साधू हे दोनच शब्द होते, आणि नशिबानं घरमालकांच्या वाट्याला दुसरा आला होता.

मला मात्र हा साधू हळूहळू टोचू लागला. मीही त्या गावात एकटाच होतो. शाळा सुटली की बोलायला कुणी नाही. म्हणून मी त्यांना चहाला बोलवायचो. ते पाट घेऊन यायचे, दाराशी बसायचे, आणि चार वाक्यं होतात न होतात तोच उठून न्हाणीत. मग पाण्याचा आवाज. दर वेळी. एकदा माझ्या कंदिलाची काच बघण्याच्या नादात ते माझ्या लाकडी पलंगाच्या कडेवर टेकले, एकदम दचकून उठले, आणि बादली आणून तो पलंग खसाखसा धुवायला लागले. माझं डोकंच फिरलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तोंड लहानपणापासून किती वेळा पोळलं होतं ते मलाच माहीत. तसं समजण्यात माझी काही चूक झाली असं मला आजही वाटत नाही. मी म्हणालो, "सरळ सांगा. माझा विटाळ होतो म्हणून धुता ना?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. बटणाकडं बघत बराच विचार केला.

"नाही. मला लघवी धरत नाही."

रॉकेल संपलंय असं सांगावं, त्या आवाजात त्यांनी हे सांगितलं. मग विचारलं नव्हतं ते सगळंही सांगून टाकलं. लहानपणापासून असंच. लागली आहे हे कळतच नाही. कळतं तोवर झालेली असते. वैद्यांचे काढे झाले, परभणीच्या एका डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, अंगारे झाले. शाळेतून घरी पाठवलं ते कायमचंच. मग त्यांच्या आईनं एक युक्ती काढली. पाटावर बसायचं, लाकूड धुतलं की झालं. दाराजवळ बसायचं. कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही. आणि कुणी विचारलं तर सोवळ्यात आहे म्हणायचं.

"पण हे खोटं नाही का?" मी विचारलं.

"आई म्हणाली होती," ते म्हणाले. "आणि तुमी विचारलं तसं कुणी विचारलं नाही."

आई जाऊन दहाएक वर्षं झाली होती; युक्ती तशीच चालू होती. सबंध गाव ज्या पावित्र्याला हात जोडत होतं ते एका माऊलीनं लेकराची अब्रू झाकायला पांघरलेलं धोतर होतं! मला हसू आवरेना, आणि हसता हसता मी एकदम थांबलो. ते शांतपणे उभे होते. मी का हसतोय हे त्यांना कळलं नाही आणि का थांबलो तेही कळलं नाही.

त्या दिवसानंतर आमचं जमलं. ते उठून गेले की मी चहा झाकून ठेवायचा, ते धोतर बदलून आले की बोलणं राहिलं तिथून पुढं. असंच एकदा मी सहज विचारलं, काका, तुम्हाला आयुष्यात काय करावंसं वाटतं? मला वाटलं काशी, रामेश्वर असं काही निघेल.

"मला पंगतीत मधी बसायचंय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मधी. इकडून माणसं, तिकडून माणसं. लोकं एकमेकांच्या मांड्यांना मांड्या लावून बसतात. मी दारातून बघत असतो. आईनं कधी बसू दिलं नाही."

सप्ताहाच्या महाप्रसादाला गाव त्यांना मानानं सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपासून लांब, ओट्यावर एकटं जेवायला वाढत असे. अंगाला नुसता धक्का लागला तरी वसकन ओरडणारा हा माणूस. त्याला माणसांच्या मधोमध बसायचं होतं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, काका, आमच्याकडं चला. मधी बसवतो. सत्यनारायणाची पूजा आटोपून निघावं तितक्या सहजपणे ते तयार झाले. मीच बावचळलो. मग तयारी सुरू झाली. मेणकापड आणून मी त्याला जुन्या धोतरांच्या घड्या लावून लंगोट शिवला. गणिताच्या मास्तराला शोभेल असं मोजमाप घेऊन. तो वाजवीपेक्षा जास्त घट्ट झाला, पुन्हा उसवून शिवला. त्यांनी आदल्या दिवसापासून चहा सोडला. बसमध्ये जागा रिकामी असूनही गंगाखेडपर्यंत उभे राहून आले, कारण बाकावर बसायचं नाही असा आईचा नियम. कंडक्टर "बसा की महाराज" म्हणून थकला.

लग्न लागलं, पंचशील झालं. बँड आम्ही ठेवलाच नव्हता. घरातल्यांना कारण पैशाचं सांगितलं. अंगणात लांबलचक तरटाची पट्टी अंथरली आणि पंगत बसली. काका पाट घेऊन उभे. माझ्या आत्यानं तो पाट त्यांच्या काखेतून काढून भिंतीला लावून टाकला. "आमच्यात सगळे खालीच बसत्यात, पाव्हणं. बसा." आणि ते बसले. मधोमध. एका बाजूला माझे म्हातारे चुलते, दुसऱ्या बाजूला माझा मेव्हणा. मी वाढायला होतो. काकांची नजर इकडच्या मांडीवर, तिकडच्या मांडीवर अशी फिरत होती आणि ते हळूहळू मागंपुढं झुलत होते. आनंद झाला की ते झुलत.

भात झाला, वरण झालं, बुंदी आली. आणि मी पाहिलं, माझा लंगोट पुरला नव्हता, तरट ओलं होत चाललं होतं. आत्याच्याही ते लक्षात आलं. मोठी चलाख बाई. तिनं पाण्याचा तांब्या घेतला, वाकली आणि काकांच्या मांडीवर उपडाच केला. "अगं बया! पानी सांडलं की वो पाव्हण्यावर! माफी करा!"

"तुमचं पाणी आत्ता सांडलं," काका मोठ्यानं म्हणाले. "ओलं त्याच्या आधीच झालंय. मला लघवी धरत नाही."

सगळ्या पंगतीचा हातातला घास हातात. आत्यानं कपाळाला हात लावला. मला वाटलं, संपलं. या माणसाची आयुष्यातली एक इच्छा, आणि ती माझ्या अंगणात अशी मातीत गेली.

तेवढ्यात माझे चुलते बुंदी चघळत म्हणाले, "मग? मला तरी कुठं धरतीया आता? तुमी जरा आधीच म्हातारं झालाव, येवढंच. तरट धुता येतंय. ए, पाव्हण्याला बुंदी वाढा, बघत काय उभा ऱ्हायलाव?"

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि पंगत पुन्हा जेवू लागली. कुणी सरकलं नाही. काकांनी बुंदीचा एकेक दाणा वेचून खाल्ला. त्या दिवसाइतका माझ्या माणसांचा अभिमान मला त्याआधी किंवा त्यानंतर कधी वाटला नाही.

ताडकळसला ही बातमी आमच्या आधी पोचली. शाळेतले एक सहकारी लग्नाला आले होते, त्यांनी ती नेली. पुजारी पुन्हा आले. त्यांच्यात जेवलात का? जेवलो, मधी बसलो. आणि सोवळं? "सोवळं नव्हतंच," काका म्हणाले आणि कारण सांगितलं. पुजाऱ्यांनी सवयीनं त्यातही काही गूढ अर्थ शोधून पाहिला असावा, पण या वेळी सापडला नाही. महिनाभरात सगळं फिरलं. लोक पूर्वी जितके लांब उभे राहत तितकेच लांब आताही राहत. फक्त तेव्हा हात जोडलेले असत, आता नाकाला दस्ती असे. सप्ताहातलं ओट्यावरचं पान बंद झालं. पोरं धोतरांच्या दोरीखालून ओरडत पळू लागली. ओट्यावर काचा येईनात. दुपार झाली की काका राख आणि फडकं घेऊन बसायचे आणि त्यांची एक, माझी एक अशा दोन काचा दिवस मावळेपर्यंत पुसत राहायचे.

"वाईट वाटतं का, काका?" मी विचारलं.

"काचा येत नाहीत," एवढंच म्हणाले.

पुढं माझी बदली देवगाव फाट्याकडं झाली. चला आमच्याबरोबर म्हटलं, तर दुसऱ्या घरात झोप येत नाही म्हणाले, आणि ते खरं होतं. मी अधूनमधून जायचो. गेलो की पहिला प्रश्न ठरलेला: "आता तुमच्यात लग्न कुणाचं?" मी घरातला धाकटा. माझ्यानंतर लग्नाचं कुणी नव्हतं. मी नाही म्हणायचो, ते बरं म्हणायचे, आणि पुढल्या खेपेला पुन्हा विचारायचे.

शेवटचं भेटलो तेव्हा बायकोला घेऊन गेलो होतो. काका फार वाळले होते. बायकोनं वरण, भात, बुंदी सगळं घरून करून नेलं होतं. तिनं माजघरात एक तरट अंथरलं, तीन ताटं मांडली आणि काकांचं मधे ठेवलं. ते बसले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"दोघंच आहात," म्हणाले.

"आज दोघांवर भागवा, काका," बायको म्हणाली.

"बरं."

भात संपला, वरण संपलं, बुंदी संपली. तरट ओलं झालेलं आम्हाला कळत होतं, त्यांनाही कळत असावं. भर कीर्तनातून ताडकन उठून जाणारा तो माणूस त्या दिवशी मात्र उठला नाही. एक जण उठला की पंगत मोडते, हे त्यांना माहीत होतं. रिकाम्या ताटासमोर ते हळूहळू झुलत राहिले, आणि उष्टे हात वाळून गेले तरी आम्ही दोघंही त्यांच्या दोन बाजूंना तसेच बसून राहिलो.