ग्रीसमध्ये बुडवलेली गिटार

ऐक गं भाचे, फोन नीट कानाला लाव. आणि ते लेथ आधी बंद कर. समोर असतीस तर आधी कान पिरगाळला असता, मग पुढचं सांगितलं असतं. मी हौसेनं फोटो पाठवला, तर तुझं उत्तर काय? "मावशी, हे इस्त्रीचं टेबल कशाला घेतेस?" आणि त्याच्या खाली, "कंपनी कुठली?" पुण्यात लेथवर लोखंड कापणारी पोरगी तू, आणि वस्तू खालून बघायच्या आधी पाटी शोधतेस!

इस्त्रीचं टेबल नाही गं ते. पेडल स्टील गिटार म्हणतात तिला. मी जन्मभर हळदी-लग्नांत जी गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवली, तिची ही थोरली बहीण. चार पाय, वर तारा, खाली पायानं दाबायची पेडलं आणि गुडघ्यानं ढकलायचे खटके. मांडीवरच्या गिटारीत दोन सूर एकत्र जुळवायचे तर लोखंडी बार तारांवर तिरपा धरावा लागतो आणि तो सगळा ताण डाव्या मनगटावर. माझं मनगट आता ऐकत नाही. मागच्या एका हळदीत बार हातातून निसटला आणि थेट हळदीच्या ताटात पडला. लोक हसले, मीही हसले. घरी आले आणि गिटार कपाटावर टाकून दिली. या पेडलवालीत बार सरळच राहतो, तिरपेपणाचं काम पाय करतो. मोबाइलवर एका म्हातारीला वाजवताना पाहिलं होतं मी. म्हणून हवी होती. मिरवायला नाही, पुन्हा वाजवायला. हे ध्यानात ठेव, म्हणजे मी का एवढी चिडले ते कळेल.

न्हावा शेवाच्या मागच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा संपतात तिथे एक पत्र्याची शेड आहे. परदेशातून आलेलं जुनं सामान विकतात. सोफे, व्यायामाची यंत्रं, दवाखान्याच्या खाटा. मालक आपल्यातलाच. आजोबा मिठागरात मीठ ओढता ओढता वाकले, आणि हा गळ्यात होडीच्या दोरखंडाएवढी सोन्याची साखळी घालून खुर्चीत बसलेला.

"काय गो आये, जिमची मशीन बघाला आलीस?"

"व्हय. पण तुझं पोट बघितलं, आता वाटतं तूच ठेव."

कोपऱ्यात ती उभी होती. अंगावर चटईचे गठ्ठे रचलेले. मी विचारलं, हे काय आहे? तर म्हणतो, "फॉरेनची शिलाई मशीन हाय. वरचा भाग हरवलाय."

"आणि या तारा?"

"दोरा लावाला."

बघ! दहा तारा, आणि दोरा लावायला! असल्या माणसाच्या हाती परमेश्वर वस्तू का देतो, हे मला आजवर कळलेलं नाही. मी म्हटलं, अरे शहाण्या, ही गिटार आहे. लगेच डोळे चकाकले. "मना पयलंच वाटला होता!" पण मी शिलाई मशीनचाच भाव तिथल्या तिथे ठरवून घेतला.

पुढच्या खेपेला मी आमच्या हळदीच्या ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याला घेऊन गेले, जोडीला कुणीतरी असावं म्हणून. तोवर गिटारीच्या पुढच्या पट्टीवर एका मोठ्या कंपनीचं स्टिकर आलेलं. तेही वाकडं. मी नखानं उचकटलं. खाली स्क्रूची दोन रिकामी भोकं, खरी पाटी कधीच कुणी काढून नेलेली. मालक म्हणाला, "जुनी झाली ना, नाव पुसलं गेलं." पुसलं गेलं म्हणे. भोकं पुसायची तेवढी राहिली होती.

कीबोर्डवाला त्याच्याहून वरचढ. काळा चष्मा डोक्यावर, चारी बाजूंनी फोटो. कडेच्या धातूवर ठोकलेला एक नंबर सापडला, तो मोबाइलला विचारला, मोबाइल गप्प बसला. "आजी, नाव नाय म्हणजे व्हॅल्यू नाय. माझ्या कीबोर्डात हा आवाज आहे, बटण दाबलं की झालं." बटणवाला! मग एक पेडल दाबून बघितलं त्यानं. सूर चढला. पाय काढला, तर सूर खाली येईना, मध्येच लोंबकळत राहिला. "बघा, आतून वाकलीय. भंगार." आणि गेला चहा प्यायला.

पाय काढल्यावर सूर जागेवर येत नसेल, तर ती गिटार कुणाच्याच कामाची नाही. माझ्या तर नाहीच.

पण नाव नाही म्हणून ओळख नाही, असं कुठे असतं? मी पुठ्ठा अंथरला आणि साडी खोचून तिच्या खाली उताणी झोपले. मालक ओरडला, "आये, चक्कर आली क?" वरती पाहिलं होतं की सगळ्यात बारीक तार पहिली नसून तिसरी आहे. त्या म्हातारीच्या गिटारीतही तशीच होती. खाली पेडलांपासून निघालेल्या सळया सरळ होत्या, एकही वाकलेली नाही. त्या ज्या टोकाला जातात तिथे प्रत्येक तारेचं वेगळं धातूचं बोट, आणि त्या बोटाला भोकांच्या दोन ओळी: एक सूर चढवायला, एक उतरवायला. शिकाऊ पोरांच्या खेळण्याला कुणी एवढं करत नाही. गुडघ्याच्या चार खटक्यांतला एक तेवढा नव्हता. आणि मग वास आला. ओळखीचा. नाक घासलं तर नाकाला काळं लागलं.

"हे ग्रीस कुणी भरलं रे?"

"मीच!" केवढा अभिमान! "खारा वारा हाय, आये. गंजली असती. ट्रकच्या बेअरिंगचा चांगला ग्रीस, बोटांनी दाबून दाबून भरला."

आपल्याकडे फाटकाच्या बिजागरीपासून होडीच्या इंजिनापर्यंत दिसेल त्यावर ग्रीस फासतात. या दिव्य पुरुषानं गिटारीलाही फासलं. त्यात शेडची धूळ बसून तारांची ती धातूची बोटं चिकटलेली. मी ट्रकमधलं थोडं डिझेल मागवलं, जुनी चिंधी घेतली, अंबाड्यातली पिन काढली आणि एकेक बोट पुसत बसले. मग पेडल दाबलं. सूर चढला. पाय उचलला. सूर आपल्या जागी येऊन बसला, बाई, जसा काही घरीच आला.

मग मी हळदीची एक जुनी चाल वाजवली. आवाज तो केवढा, मच्छर गुणगुणतो तेवढा, यंत्राला जोडलेली कुठे होती? पण बार सरळ होता आणि मनगट दुखलं नाही.

मालक उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "आये, आता भाव वेगला."

"का?"

"आता वाजते ना!"

मी चपला घातल्या. "मग भर परत ग्रीस, आणि शिलाई मशीन म्हणून वीक." आणि निघाले. चालत होते ताठ, पण कान सगळे मागे. हा मूर्ख हाक मारणार की नाही? फाटकाशी पोचले, तेव्हा आली हाक.

"ओ आये! रुसतेस काय गो?"

ठरलेल्याच भावात दिली. स्वतःच्या ट्रकनं घरी पोचवली आणि जाताना म्हणाला, "खारा वारा हाय, ग्रीसचा डबा ठेवून जाऊ?" मी दार लावून घेतलं.

कंपनी कुठली ते मला अजून माहीत नाही, आणि तू विचारूही नकोस. मात्र तो चौथा खटका नाही ना, त्यावाचून एक सूर खाली उतरतच नाही आणि माझी चाल तिथेच अडखळते. तेवढा तुझ्या लेथवर करून दे. फोटोवरून माप निघत नाही म्हणतेस? मग स्वतःच ये. माप घ्यायचं ते तुझं व्हर्नियर घेऊन ये, पुठ्ठा मी अंथरून ठेवते. तुळशीचं लग्न झालं की हळदी सुरू होतील, त्याच्या आधी ये. जिताडा माशाचं कालवण करीन. लवकर ये गं.