पहिल्या ओळीतला देव

आदिवासी मुलींच्या एका वसतिगृहात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. आमचे हेडक्लार्क, म्हणजे भाऊसाहेब, स्वभावाने साधे, पण त्यांची एक्सेल फाइल उघडली की माझं डोकंच फिरायचं. वहीच्या पहिल्या पानावर लिहितात तसं पहिल्या ओळीत मधोमध ‘श्री’, त्याखाली मथळा, मग मुलींची नावं. आणि सगळं कुठल्याशा जुन्या फॉन्टमध्ये, जो फक्त त्यांच्याच मशीनवर चालायचा!

दिवाळीनंतर चाळीस रिकाम्या जागांसाठी मुलींची यादी पोर्टलवर चढवायची होती. शेवटचा दिवस. चढवली तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. कपाळावर हात मारला, सगळी नावं युनिकोडमध्ये करून घेतली, पुन्हा चढवली. आता नावं दिसली. पण एक नंबरवर श्री, दोन नंबरवर ‘विद्यार्थिनीचे नाव’. चाळीस ओळी झाल्या की पोर्टल पुढचं घेत नाही. शेवटच्या दोघी बाहेर.

त्यांतली चाळिसावी बाहेर ओट्यावरच बसली होती, बापाजवळ. दोघं धडगावकडून पहाटेच निघालेले. ऊसतोडीला गुजरातेत जाणारी गाडी दुपारी स्टँडजवळून सुटणार होती. जागा मिळाली तर पोरगी इथं, नाहीतर तीही उसात. घरी मागे राहणारं कुणीच नव्हतं.

“भाऊसाहेब, वरच्या दोन ओळी उडवते.”

“ओ ताई! देवनं नाव काढीसन यादी कशी व्हई?”

“अहो, देवाला ॲडमिशन मिळाली आणि पोरगी ओट्यावर बसलीय! तुमचा देव राहणार आहे का इथं, मुलींच्या वसतिगृहात?”

भाऊसाहेबांनी चष्मा काढून दाराबाहेर पाहिलं. मग स्क्रीनला हात जोडले, काहीतरी पुटपुटले आणि स्वतःच डिलीट दाबलं. मथळा मी उडवला. इतका राग आला होता त्यांचा, पण त्या क्षणी मला ते फार आवडले.

या खेपेला चाळीसच्या चाळीस नावं लागली. मी बाहेर जाऊन सांगितलं. बापाला मराठी बेताचीच. पोरीने त्यांच्या पावरी बोलीत समजावलं. त्याने गाठोडं सोडलं, दोन कोयते काढले. मोठा परत गुंडाळला. धाकटा, नवीन मुठीचा, माझ्या हातात दिला.

“हा ठेवा,” तो म्हणाला. “हिच्यासाठी घेतला होता.”